भाषा वेगळी म्हणून पोराची काळजी कमी का?

प्रश्न: ताई, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सुरगाण्याकडच्या, घरी कोकणा बोलतात. पोराला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसतो), फिट्स येतात, दूध नाकातल्या नळीनं. इथे नाशिकला हॉस्पिटलमधून सोडताना सगळे कागद इंग्रजीत, वर "तुला नाही कळणार, नवऱ्याला पाठव." असं चालतं का?

उत्तर: अजिबात नाही, वाचून संताप झाला. चोवीस तास पोराला सांभाळणार आई आणि समजावणार नवऱ्याला? अमेरिकेतही कृष्णवर्णीय आणि इंग्रजी न बोलणाऱ्या कुटुंबांच्या मुलांच्या बाबतीत हा भेदभाव दिसतो, 2020 च्या एका अभ्यासात तर पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र) गडद त्वचेवर ऑक्सिजन कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं असं निघालं, म्हणून पोराला धाप लागली, ओठ निळे पडले तर आकडा चांगला आहे म्हणून थांबू नका. पुढच्या वेळी मावशींनी नर्ससमोर स्वतः नळीतून दूध देऊन दाखवायचं, चुकलं तर तिथेच कळेल, आणि फिटच्या औषधाच्या सिरिंजवर डोस किती भरायचा तिथे मार्करने खूण करून घ्यायची. कोकणा येणारी आशाताई सोबत आली तर फारच बरं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत तपासणी-उपचार मोफत आहेत, सिव्हिलमध्ये शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या विभागाची) चौकशी करा, तुम्ही सोबत जा प्लीज.