कॉम्प्लेक्स वाक्य: मिश्र की संयुक्त?

प्रश्न असा आहे: इंग्रजीतल्या 'कॉम्प्लेक्स सेंटेन्स'ला मराठीत संयुक्त वाक्य म्हणायचे की मिश्र? आणि 'ही मिस्ड द बस, सो ही वॉज लेट' व 'ही वॉज लेट बिकॉज ही मिस्ड द बस' यांचा अर्थ एकच असताना पहिले कंपाउंड आणि दुसरे कॉम्प्लेक्स कसे?

आधी शब्द. सिंपल म्हणजे केवल, कंपाउंड म्हणजे संयुक्त, कॉम्प्लेक्स म्हणजे मिश्र. घोटाळा इतर विषयांतून येतो. रसायनशास्त्रात कंपाउंडला संयुग म्हणतात आणि गणितात कॉम्प्लेक्स संख्येला संमिश्र. व्याकरणातले 'मिश्र' त्या 'संमिश्र'चेच भावंड आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. कॉम्प्लेक्सचा 'अवघड' हा रोजचा अर्थ मात्र इथे बाजूला ठेवा. 'आय नो दॅट ही लाइड' हे पाच शब्दांचे वाक्य मिश्र आहे आणि दोन ओळींचे लांबलचक वाक्यही केवल असू शकते.

आता बसची दोन वाक्ये. हा प्रकार अर्थावरून ठरत नाही, सांध्यावरून, म्हणजे वाक्ये जोडणाऱ्या शब्दावरून ठरतो. सांध्यासकट उपवाक्य उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवून पाहा. 'बिकॉज ही मिस्ड द बस, ही वॉज लेट' चालते. म्हणजे ते उपवाक्य गौण आहे आणि वाक्य मिश्र. 'सो ही वॉज लेट, ही मिस्ड द बस' चालत नाही. म्हणजे दोन्ही वाक्ये बरोबरीची आणि जोड संयुक्त. अँड, बट, ऑर यांचेही तसेच.

ही कसोटी मराठीला जशीच्या तशी लावू नका. 'त्याला उशीर झाला, कारण बस चुकली' हे आपल्या शालेय व्याकरणात मिश्रच, पण 'कारण बस चुकली, त्याला उशीर झाला' असे कोणी बोलत नाही. कारण आधी सांगायचे तर आपण 'बस चुकली म्हणून' म्हणतो. म्हणजे सांधा पहिल्या वाक्याच्या शेपटाला येतो. या सवयीतूनच 'बिकॉज ही मिस्ड द बस, सो ही वॉज लेट' असा दुहेरी सांधा तयार होतो. 'जरी... तरी'चा संसार तसाच्या तसा नेला की 'दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' होते. इंग्रजीत दोन वाक्यांना एकच सांधा पुरतो: दो ठेवा, नाहीतर बट.

परीक्षेत जास्त गुण जातात ते 'सो'वर. सो दिसले की संयुक्त, असे ठोकून द्यायचे नाही. 'ही वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक' यात सांधा दॅट आहे, सो नव्हे, वाक्य मिश्र. तेच 'ही वॉज टू टायर्ड टू वॉक' केले की केवल होते. का? काळ दाखवणारी क्रियापदे मोजा. पहिल्यात वॉज आणि कुड अशी दोन, दुसऱ्यात फक्त वॉज. 'टू वॉक' काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणून ते मोजायचे नाही. 'हॅविंग मिस्ड द बस' हेही नाही. आपल्या 'चुकल्यामुळे', 'जाऊन'सारखेच ते.

मोजणीत एक अडचण येते. 'ही केम होम अँड स्लेप्ट' यात क्रियापदे दोन, कर्ता एक. जुन्या धाटणीची शालेय पुस्तके दुसरा 'ही' गाळला आहे असे धरून याला संयुक्त म्हणतात; अमेरिकी धाटणीची पुस्तके केवल म्हणतात. परीक्षेपुरते आपल्या पाठ्यपुस्तकाचे ऐकावे. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, कारण दुसरा कर्ता लिहिलेलाच नाही. स्वल्पविरामाची सोयही त्यातच आहे: 'ही केम होम, अँड ही स्लेप्ट' असे दोन कर्ते असतील तर अँडच्या आधी स्वल्पविराम द्यावा, एकच कर्ता असेल तर नको.

नुसत्या स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्ये जोडणे मराठीत खपते: 'पाऊस आला, आम्ही परतलो.' 'इट रेन्ड, वी रिटर्न्ड' ही मात्र इंग्रजीत चूक धरतात. तिथे अँड किंवा सो घाला, अर्धविराम द्या, नाहीतर सरळ पूर्णविराम. हाउएव्हरने ही चूक सुधारत नाही. ते क्रियाविशेषण आहे, त्याच्या आधीही अर्धविराम किंवा पूर्णविरामच लागतो.