बारा लाखांपर्यंत कर नाही, मग टीडीएस का कापतात?

तुमचा प्रश्न असा: इंदूरजवळच्या पीथमपूरला नोकरी, वर्षाचा एकूण पगार १२,६०,००० रुपये, राहायला इंदूरच्या रामबागेत स्वतःचं घर, एफडीचं व्याज साधारण ४०,००० रुपये. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंत कर माफ झाला, तरी एप्रिल ते जुलै २०२५ दर महिन्याला ११,२४५ रुपये टीडीएस (पगारातूनच आधी कापला जाणारा आयकर) कापला गेला. अकाउंट्सवाले म्हणतात, बरोबर आहे.

त्यांचं खरंच बरोबर आहे. माझी बावीस वर्षं पीथमपूरलाच पगारपत्रकं करण्यात गेली, तेव्हा आकडा पाहताच ओळखलं. आयकर मोजायच्या जुनी आणि नवी अशा दोन प्रणाली आहेत, आणि दरवर्षीप्रमाणे एप्रिलच्या डिक्लेरेशनमध्ये तुम्ही जुनी निवडली आहे. पगारातून ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठरावीक वजावट), २,५०० प्रोफेशनल टॅक्स (पगाराच्या स्लिपवर दरमहा २०८ रुपये दिसतात तोच) आणि पीपीएफ-एलआयसीचे दीड लाख वजा केले की उरतात १०,५७,५००. त्यावर सेससकट (सेस म्हणजे करावरचा चार टक्के उपकर) कर १,३४,९४०. बाराने भागून बघा.

बारा लाखांची माफी फक्त नव्या प्रणालीत आहे. कायदा बदलला म्हणून कंपनी आपणहून तुमची निवड बदलत नाही. तुम्ही एप्रिलमध्ये लिहून दिलंत त्यावरच वर्षभराचा अंदाज बांधते. टीडीएस म्हणजे तो अंदाज. खरा कर रिटर्न भरताना ठरतो.

आता नव्या प्रणालीत तुमचा हिशोब मांडू. पगारातून ७५,००० वजा जाता ११,८५,०००. एवढंच उत्पन्न असतं तर कलम ८७ए च्या सवलतीने कर शून्य. पण व्याजाचे ४०,००० मिळवले की होतात १२,२५,०००, आणि माफीची हद्द ओलांडली जाते. स्लॅबने, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्यांच्या दरांनी, कर येतो ६३,७५०. मात्र हद्द थोडक्यात ओलांडणाऱ्यांसाठी दिलासा आहे: बारा लाखांवर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घेत नाहीत. म्हणून २५,००० आणि त्यावर चार टक्के सेस, एकूण २६,००० रुपये.

इथे मी मुद्दाम थांबते, कारण मार्चमध्ये याच जागी लोकांना रडताना पाहिलंय. व्याज ५०,००० च्या आत असल्याने बँक टीडीएस कापत नाही. व्याजाचं कळवलं नसेल तर ऑफिसही शून्य कापतं. वर्षभर माणूस निर्धास्त, आणि रिटर्न भरताना अचानक २६,००० समोर, वर थकलेल्या करावरचं व्याज. कापून गेल्यावर देय कर १०,००० किंवा त्याहून जास्त उरत असेल, तर तो अॅडव्हान्स टॅक्स म्हणून वर्षातच भरायचा असतो, आणि ते कुणी सांगत नाही.

तुमच्या बाबतीत यंदा ती भीती नाही. चार महिन्यांत ४४,९८० रुपये आधीच जमा झालेत. अकाउंट्सला लेखी मेल करा की मला नवी प्रणाली लावून उरलेल्या महिन्यांचा टीडीएस नव्याने काढा, आणि व्याजाचा आकडाही कळवा. वर्षाच्या मध्यात टीडीएस कमी-जास्त करण्याची मुभा कंपनीला कायद्यानेच आहे. पुढची कपात थांबेल आणि २६,००० वजा जाता १८,९८० रिफंड मिळेल.

पण काही कंपन्या एप्रिलनंतर निवड बदलूच देत नाहीत. तसं झालं तर भांडत बसू नका. पगारदाराला रिटर्नमध्ये नवी प्रणाली घेता येते, एप्रिलमध्ये ऑफिसला काहीही सांगितलेलं असो. १,३४,९४० कापले गेले तरी १,०८,९४० परत येतील. तोपर्यंत पैसे अडकतील, हे खरं दुखणं.

आणखी एक वाट आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. तुमच्याच पगारातले २५,००० भत्त्याऐवजी कंपनीमार्फत एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत) जाऊ शकतात का, ते विचारा. कंपनीचं योगदान मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या प्रणालीतही वजा होतं. मग उत्पन्न नेमकं १२,००,००० वर येतं आणि ते २६,००० ही वाचतात. आपण स्वतः खात्यात भरलेल्या रकमेला ही सवलत नाही, ती कंपनीकडूनच जायला हवी. पैसे निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकून राहतात, तेव्हा घरी विचार करूनच ठरवा.

आधी दोन महिन्यांच्या स्लिप घ्या आणि त्यांवर ‘ओल्ड रेजिम’ लिहिलंय का ते बघा. मेलचं काय उत्तर आलं ते इथे लिहा, पुढचा आकडा मी काढून देईन.