जॅझ व्हायोलिन वाजवण्यासाठी बॉस्टनला यावे का?

12 वर्षे पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकल्यावर, वयाच्या 23 व्या वर्षी, दादरचे घर सोडून बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जावे का आणि पुढे तिथेच जॅझ वाजवून पोट भरेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी गिरगावातून याच वाटेने आलो, म्हणून सांगतो: या, पण एक वर्ष मुंबईत काढून या.

पहिले कारण कागदपत्रांचे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना महाविद्यालयाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते; बाहेर परवानगीशिवाय पैसे घेऊन वाजवणे बेकायदा आहे. पदवीनंतर ओपीटीखाली, म्हणजे शिकलेल्या विषयातच काम करण्याच्या तात्पुरत्या परवानगीखाली, 12 महिने मिळतात, आणि अभियांत्रिकीच्या मुलांना मिळणारी आणखी 24 महिन्यांची वाढ वादनाच्या पदवीला मिळत नाही. त्यापुढे बहुतेक वादक ओ-1 व्हिसाकडे, म्हणजे असामान्य गुणवत्तेच्या कलावंतांना मिळणाऱ्या कामाच्या व्हिसाकडे वळतात. त्यासाठी स्वतः अर्ज करता येत नाही, मालक किंवा एजंट लागतो. शिवाय छापून आलेली परीक्षणे, करार आणि जाणकारांची पत्रे जोडावी लागतात. माझ्या मुंबईतल्या कार्यक्रमांची कात्रणे इकडे यायला निघण्यापूर्वी मीच रद्दीत घातली होती. ती नंतर कुठून मिळणार? तुम्ही आजपासूनच प्रत्येक जाहिरात, मानधनाची पावती आणि परीक्षण तारखेसह जपून ठेवा.

दुसरे कारण हाताचे. जॅझमधल्या पुष्कळ रचना बी फ्लॅट आणि ई फ्लॅटमध्ये, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत काळी पाच आणि काळी दोनमध्ये असतात, कारण ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांना त्या पट्ट्या सोयीच्या पडतात. आपला हात मात्र मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवता वाजणाऱ्या तारांच्या आधाराने वाढलेला असतो, आणि तो आधार या पट्ट्यांत कमी मिळतो. 1947 साली सुरू झालेल्या वॉलीज कॅफे या बॉस्टनच्या जॅझ क्लबात मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा व्हायोलिनला पिकअप, म्हणजे आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारे उपकरण, नसल्याने ड्रमसमोर माझा आवाज बुडाला, आणि जो थोडा ऐकू आला तो बेसूर होता. हे मुंबईतच सॅक्सोफोनवाल्यांबरोबर वाजवून सुधारता आले असते. मुंबईत जॅझ नाही, ही सबब मला पटत नाही; 1935 साली ताजमहाल हॉटेलात आपला वाद्यवृंद घेऊन आलेला लिऑन ॲबी स्वतः व्हायोलिनवादकच होता.

पोट भरते, पण निव्वळ जॅझवर नाही: माझी निम्म्याहून अधिक कमाई मुलांच्या शिकवण्यांतून आणि लग्नसमारंभांतल्या वादनातून येते.

वाद्याबद्दलही एक सूचना करतो. मुंबईच्या दमट हवेत मुरलेले लाकूड इथल्या हिवाळ्यात, हीटरच्या कोरड्या हवेत आकसते; पहिल्याच जानेवारीत माझ्या व्हायोलिनची कडेची सांध उघडली. व्हायोलिनच्या पेटीत आर्द्रता राखणारी नळी पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो गज घरीच ठेवून या, कारण सीमाशुल्क खात्यात त्यावरून अडवणूक होऊ शकते.