डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन सातवा खरंच वेडा होता का? मग राज्य कोण चालवायचं?

मानसिक आजार होता हे नक्की, पण नुसतं वेडा म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. आई गेली तेव्हा हा दोन वर्षांचा, शिकवायला ठेवलेला रेव्हेंटलो बेदम मारायचा, आणि १७६६ मध्ये सतरा पूर्ण व्हायच्या आत गादीवर बसवलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाची बहीण कॅरोलिन माटिल्डा, वय १५, हिच्याशी लग्न लावलं.

पुढे परदेश दौऱ्यासाठी स्ट्रुएन्से नावाचा जर्मन डॉक्टर सोबत घेतला, राजाचा त्याच्यावर इतका जीव जडला की १७७० पासून सगळा कारभार त्याच्याच हातात गेला, त्याने सेन्सॉरशिप उठवली, चौकशीतला छळ बंद केला, हजाराच्या वर हुकूम काढले, पण राणीशी संबंध जुळले आणि तिथेच घात झाला.

१७ जानेवारी १७७२, मुखवट्यांचा डान्स संपलेला, पहाटे राजाच्या सावत्र आईची माणसं थेट त्याच्या बेडरूममध्ये शिरली आणि घाबरलेल्या राजाकडून अटकेच्या कागदांवर सह्या घेतल्या. एप्रिलमध्ये स्ट्रुएन्सेचं आणि त्याचा मित्र ब्रांट याचं मुंडकं उडवलं. राणीला हद्दपार केलं, ती २३ व्या वर्षीच गेली.

त्यानंतर आधी सावत्र आईचा गट आणि १७८४ पासून मुलगा फ्रेडरिक राज्य चालवायचा, ख्रिश्चन १८०८ पर्यंत फक्त सहीपुरता राजा. नंतर कधीतरी त्याने स्ट्रुएन्सेचं चित्र काढलं आणि खाली जर्मनमध्ये लिहिलं की दोघांना (म्हणजे स्ट्रुएन्से आणि ब्रांटला) वाचवायला आवडलं असतं. ते वाचलं की पोटात तुटतं हो.