उन्हाळी पुन्हा पुन्हा लागते; कायमची जाईल असा काढा कोणता?

"गोळ्या घेतल्या की थांबतं, दोन-अडीच महिन्यांत परत सुरू. मुळापासून जाईल असं काही आयुर्वेदिक सांगा." समुपदेशनाला येणाऱ्या बायकांच्या तोंडी हे वाक्य नेहमी असतं. शालनताईंनी (नाव बदललं आहे) तेच विचारलं. वय 36, साड्यांच्या दुकानात विक्रीचं काम, सकाळी दहा ते रात्री साडेआठ. वर्षभरात चार वेळा उन्हाळी लागली होती: लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं, ओटीपोटात कळ, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटणं. पण त्यांना आमच्याकडे आणलं ते नवऱ्याच्या एका प्रश्नाने: "हे कुठून आलं?"

म्हणून आधी तेच मिटवलं. मूत्राशयाचा हा दाह म्हणजे गुप्तरोग नव्हे. बहुतेक वेळा तो ई. कोलाय या जंतूमुळे होतो आणि हा जंतू आपल्याच आतड्यात राहतो. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटरची, गुदद्वाराच्या जवळची. जंतूला वर चढायला फार कष्ट पडत नाहीत. संबंधानंतर त्रास होतो तेव्हाही बहुधा बाईचे स्वतःचेच जंतू आत ढकलले गेलेले असतात. पुढच्या भेटीला नवराही आला, त्यालाही हेच सांगितलं. सोबत जोडीदाराच्या संशयाचं ओझं असलं की बायका तपासणी लांबवतात, हे कायम दिसतं.

मग घरात काय काय चालू आहे ते विचारलं. सकाळी धन्याचं पाणी. काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली गोखरूची पूड, दिवसाला तीन-चार मोठे चमचे, घोटभर पाण्यातून. जळजळ वाढली की लिंबूपाण्यात खाण्याचा सोडा. आणि मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या, "तेवढ्याने बरं वाटतं म्हणून". दिवसभरातलं पाणी विचारलं तर दुकानात दोन ग्लास. कारण संडास मागच्या इमारतीत, किल्ली मालकाच्या गल्ल्यात, आणि पुरुषमाणसाकडे किल्ली मागायची लाज.

खरं दुखणं या किल्लीत होतं, पण औषधांचा हिशेब आधी करू. गोखरू लघवी थोडी वाढवतं, पण प्यायलेलं पाणीच नसेल तर वाढणार काय? त्याच्या चूर्णाची नेहमीची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम. त्या त्याच्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. गरोदरपणात ते घेऊ नये, आणि रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर वैद्यांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. सोड्यात सोडियम भरपूर, रक्तदाब असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय सोड्याने किंवा अल्कलायझर सिरपने लघवी अल्कधर्मी होते आणि नायट्रोफ्युरँटोइन हे नेहमी दिलं जाणारं अँटिबायोटिक अशा लघवीत कमी चालतं. म्हणजे जळजळ शमवायला घेतलेली वस्तू गोळीच्याच आड येते. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू पुरते मरत नाहीत, उरतात ते जास्त चिवट, आणि नंतर केलेल्या तपासणीत काहीच दिसत नाही ते वेगळं.

धन्याचं पाणी मात्र चालू ठेवायला सांगितलं. दोन चहाचे चमचे धने जाडसर कुटून ग्लासभर पाण्यात रात्री भिजवायचे, सकाळी गाळून प्यायचं. जवाचं पाणीही चालेल: दोन मोठे चमचे जव लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळून गाळायचं, त्याच दिवशी संपवायचं, उन्हाळ्यात ते लवकर आंबतं. ही पेयं जंतू मारतात असं आम्ही कुणालाही सांगत नाही. ती पोटात पाणी पोचवतात, आणि तेच हवं आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या, वारंवार त्रास असलेल्या 140 स्त्रिया होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, उरलेल्यांना 3.2 वेळा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल त्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

क्रॅनबेरी या परदेशी आंबट फळाबद्दल त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत तिचा प्रतिबंधाला थोडा उपयोग होतो, हे 2023 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अहवाल) आलं आहे. लागलेली उन्हाळी ती बरी करत नाही. बाटलीतल्या रसात साखर फार, घ्यायचीच तर कॅप्सूल. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तीही डॉक्टरांना विचारून. आणि करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे, ते झाड वेगळ्याच कुळातलं.

त्या आल्या तेव्हा जळजळ चालूच होती. डॉक्टरांनी गोळी सुरू करण्याआधी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, लघवी मागितली. नमुना नीट घेतला नाही तर अहवालात भलतंच येतं, म्हणून पद्धत समजावली: पाण्याने धुवायचं, बाजूची त्वचा बोटांनी दूर धरायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आतल्या कडेला बोट लावायचं नाही. तासा-दोन तासांत प्रयोगशाळेत द्यायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. ई. कोलाय सापडला. पाच दिवसांच्या गोळ्या, जेवणानंतर. या गोळ्यांनी लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल, घाबरू नका, हेही आधीच सांगितलं. नाहीतर बायका तिसऱ्या दिवशी गोळी सोडतात.

आता किल्ली. मालकाशी बोलून ती दुकानातल्या सगळ्या मुलींसाठी आतल्या खिळ्यावर अडकवली गेली. वेळापत्रक असं ठरलं: घरून निघताना दोन ग्लास, दुकानात एक लिटरची बाटली दुपारच्या जेवणापर्यंत, अर्धा लिटर संध्याकाळी सहापर्यंत. लघवीला साडेअकरा, दोन, पाच आणि निघताना. कळ येण्याची वाट पाहायची नाही. कमोड घाण वाटतो म्हणून अर्धवट उकिडवं अधांतरी राहिलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताठ राहतात आणि मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. कागद टाकून नीट बसा, झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करा. धुताना पाणी पुढून मागे. आत जंतुनाशक किंवा सुगंधी साबण अजिबात नको; योनीतले उपकारक जंतू त्याने मरतात आणि घातक जंतूंना जागा मिळते. संबंधानंतर लघवीला जाण्याने किती फरक पडतो याचा पुरावा पातळ आहे, पण खर्च शून्य, म्हणून करा. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते सोडवा, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं.

पाच आठवड्यांनी फोन आला, "परत सुरू झालं." आम्ही विचारलं, जळजळ लघवी आतून उतरताना होते की बाहेरच्या त्वचेला लागल्यावर? बाहेर. खाज होती, दह्यासारखं पांढरं जात होतं. कल्चर स्वच्छ आलं. तो बुरशीचा संसर्ग होता, अँटिबायोटिकनंतर होतो तसा, आणि त्यावर औषध वेगळं. आधीच्या चारपैकी एखादी खेपही अशीच असावी असं आम्हाला वाटतं. तेव्हा कल्चर झालंच नव्हतं.

जळजळीसोबत ताप, थंडी वाजणं, कुशीत दुखणं किंवा उलटी असेल तर संसर्ग मूत्रपिंडाकडे गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे, काढ्याची वाट पाहू नये. लघवीत रक्त दिसलं किंवा बाई गरोदर असेल, तरीही घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

जाता जाता शालनताईंनी सासूबाईंचं विचारलं: वय 61, पाळी जाऊन बारा वर्षं, त्यांनाही सारखी उन्हाळी. धन्याचं पाणी त्यांनाही द्या, पण मुख्य कारण वेगळं असू शकतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन तिथली त्वचा पातळ, कोरडी पडते. त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं आणि त्याने उन्हाळी पुन्हा पुन्हा लागणं कमी होतं. ते स्त्रीरोगतज्ज्ञाकडून लिहून घ्यायचं. मधुमेहामुळेही असं होऊ शकतं, म्हणून जाताना उपाशीपोटी आणि जेवणानंतरची रक्तातली साखर तपासून न्या.