आधी काटापट्टी, मग बातमी
वाचकांचे प्रश्न : शिकाऊ पत्रकारांसाठी

प्रश्न : मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव आर्णी तालुक्यातलं. सर म्हणतात, गावाबाहेरचं लिही. गावचे लोक म्हणतात, कापसाला भाव नाही ते लिही. दोन्हीचा मेळ कसा घालायचा?

उत्तर : कापसावरच लिहा, गावाबाहेरचं आपोआप येईल. मात्र ‘भाव नाही’ ही तक्रार झाली, बातमी नाही. ज्यांनी गेल्या आठ दिवसांत कापूस विकला अशा पाच-सहा कास्तकारांकडून काटापट्टी, म्हणजे काट्यावर मिळालेली वजन-दराची पावती, मागा. तारीख, वजन, दर आणि कपात हे चार आकडे उतरवून घ्या. खेडा खरेदीत (व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा) पट्टी नसते, नुसती चिठ्ठी असते, तीही चालेल. फोटो काढाल तर नाव झाकून काढा. व्यापारी आणि कास्तकार यांना पुढच्या वर्षीही एकमेकांचं तोंड पाहायचं असतं.

आता हमीभाव. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला 7,710 रुपये जाहीर झाले. हे दर धाग्याच्या ठरावीक लांबीचे आहेत. 8,110 हा 29.5 ते 30.5 मिलिमीटरच्या कापसाचा, आणि मधल्या लांबीला मधला दर. त्यावर ओलाव्याचा हिशेब होतो. सीसीआयच्या (हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण दर, त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि 12 च्या वर कापूस परत. म्हणजे 11 टक्के ओलाव्याच्या लांब धाग्याच्या कापसाला 7,867 रुपयांच्या आसपास मिळाले तर ‘हमीभावाला हरताळ’ असा मथळा चुकीचा ठरतो. पण त्याच प्रतीच्या कोरड्या कापसाला व्यापाऱ्याने 7,000 दिले असतील तर तो बरोबर ठरतो. नव्या वार्ताहरांचे मथळे इथेच सर्वांत जास्त घसरतात. पहिल्या वेचणीचा दवाने ओला कापूस आणि डिसेंबरातला कोरडा कापूस एकाच तराजूत घालायचा नसतो.

आणखी एक फसगत मुहूर्ताच्या भावाची. हंगामाच्या पहिल्या दिवशी नारळ फुटतो, हार घातले जातात आणि दोन-चार क्विंटलला डोळे दिपवणारा दर पुकारला जातो. दुसऱ्या दिवशी तो दर कोणालाच मिळत नाही. बाजार समितीच्या रोजच्या तक्त्यात किमान, कमाल, सर्वसाधारण आणि आवक असे आकडे असतात. त्यातले सर्वसाधारण दर आणि आवक घ्या.

आता गावाबाहेर चला. जिनिंगवाला कापूस घेतो, पण विकतो रुई (बी काढलेला कापूस) आणि सरकी (कापसाचं बी). एका क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. रुईचा भाव खंडीवर बोलतात आणि खंडी म्हणजे 356 किलो. खंडीमागे हजार रुपये उतरले की किलोमागे 2 रुपये 81 पैसे जातात, म्हणजे कापसाच्या क्विंटलमागे साधारण 95 रुपये. सरकीचा चढउतार यात धरलेला नाही, तो वेगळा मांडा. एवढा हिशेब तुम्हाला आला की मुंबईची किंवा न्यूयॉर्कची तेजी-मंदी तुमच्या गावच्या पट्टीवर उतरवता येते.

केंद्र सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सवलत पुढे 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली. गावात सगळे म्हणतील, भाव त्यामुळेच पडला. तसं लिहिण्याआधी ऑगस्टच्या आधीचे आणि नंतरचे सर्वसाधारण दर एका कागदावर मांडा, शेजारी त्याच आठवड्यांतले रुईचे भाव लिहा. घसरण आधीपासूनच चालू असेल तर तीही लिहावी लागेल, मग ती कोणाला आवडो न आवडो.

प्रश्न : रात्री धो-धो पाऊस झाला, वावरं खरडून गेली. मी ‘ढगफुटी’ लिहिलं. तहसील कार्यालयाने खुलासा काढून आमचं हसं केलं. (जि. वाशीम)

उत्तर : हवामान खात्याच्या हिशेबात ढगफुटी म्हणजे साधारण एका तासात 100 मिलिमीटर. तासाचा आकडा हाती नसेल तर तो शब्द वापरू नका, ‘मुसळधार’ लिहा. अतिवृष्टी वेगळी : महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर. मंडळाचं पर्जन्यमापक दुसऱ्याच गावात असू शकतं. तिथे 40 आणि तुमच्या शिवारात खूप जास्त, असंही होतं. खरी बातमी बहुधा तीच असते, कारण मंडळाचा आकडा कमी दिसला की पंचनाम्यासाठी भांडावं लागतं. पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतात, म्हणून काल संध्याकाळचा पाऊस आजच्या तारखेला दिसतो. तारखेची ही गल्लत फार जण करतात. आकडा तलाठ्यांकडून घ्या (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात तलाठीच म्हणतात). नुकसान टक्क्यांत लिहा. मदतीसाठी 33 टक्क्यांची रेष आहे, ‘सगळं गेलं’ असा रकाना पंचनाम्यात नाही.

प्रश्न : शेतकरी आत्महत्येची बातमी करायला संपादक त्याच दिवशी घरी पाठवतात. जावं का? (जि. वर्धा)

उत्तर : जाऊ नये. त्या दिवशी घरात कोणी बोलण्याच्या अवस्थेत नसतं, आणि तुम्हाला जे सांगितलं जाईल ते बहुधा शेजाऱ्याने सांगितलेलं असेल. तुमच्या वहीत येईल ‘कर्जबाजारीपणाला कंटाळून’. हे वाक्य जिल्ह्याच्या पानावर इतक्या वेळा छापलं गेलंय की त्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

भारतीय प्रेस परिषदेने 2019 मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. पद्धत लिहायची नाही, जागा दाखवायची नाही, एकच कारण ठोकून द्यायचं नाही, मथळा भडक करायचा नाही. बातमीखाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक द्या.

तेरवीनंतर जा. मुलांचे चेहरे टिपू नका. बाईंना रडायला लावणारा प्रश्न विचारण्यापेक्षा कागद विचारा : सातबारा कोणाच्या नावे, कर्ज बँकेचं की सोसायटीचं की सावकाराचं, वसुलीची नोटीस आली होती का. हेच प्रश्न सरकारी प्रकरणातही असतात. राज्याच्या 1 लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती यावरच ठरवते. अनेक वर्षं यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत, अशी पद्धत राहिली आहे. प्रकरण अपात्र झालं असेल तर कोणत्या कागदावाचून झालं, ही बातमी बाकीचे करत नाहीत. सातबारा सासऱ्याच्या नावे असला की सून कुठे अडकते, ते पाहा.

आकडे लिहिताना विभागीय आयुक्तालयाचे आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे एकत्र करू नका. पहिले महसूल खात्याकडच्या प्रकरणांचे, दुसरे पोलीस नोंदींवरचे. 2014 पासून दुसऱ्यात शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजले जातात, त्यामुळे आधीच्या वर्षांशी थेट तुलना फसवी ठरते.

प्रश्न : ग्रामपंचायत हिशेब दाखवत नाही. माझ्याकडे प्रेस कार्ड नाही. (जि. बुलढाणा)

उत्तर : कार्ड लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा : 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम आहेत. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ असं विचारलं की ‘ही माहिती अभिलेखात नाही’ असं उत्तर येतं आणि तुमचा महिना वाया जातो. कागद मागा : अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, देयकं, संबंधित महिन्यांच्या रोकडवहीची पानं. प्रतीला पानामागे 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. तोवर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा खर्च बघून ठेवा आणि टेप घेऊन रस्त्याची रुंदी मोजा. पुस्तिकेत 3 मीटर आणि जागेवर अडीच निघाला तर वेगळा पुरावा कशाला?

प्रश्न : लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीत नाव बदललं, गावाचं नाव ठेवलं. चालतं का?

उत्तर : नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, म्हणजे ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. आठशे वस्तीच्या गावात ‘अमुक दुकानाशेजारची सातवीतली मुलगी’ एवढं पुरेसं असतं. तालुका लिहा आणि थांबा. आरोपी नातेवाईक असेल तर त्याचंही नाव देऊ नका, त्यावरून मुलगी कळते.

प्रश्न : वर्तमानपत्र म्हणतं, 15 ऑगस्टला जाहिराती आण, तरच बातम्या लागतील.

उत्तर : तालुक्यातल्या कितीतरी वार्ताहरांची कमाई मानधनापेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर चालते, त्यामुळे नाही म्हणणं सोपं नाही. तरी निदान एवढं करा : ज्या सरपंचाच्या, सोसायटीच्या किंवा जिनिंगच्या हिशेबाची बातमी हातात आहे, त्यांच्या दारात जाहिरातीचं पावतीपुस्तक घेऊन जाऊ नका. ती जाहिरात दुसऱ्याला आणू द्या.