विमा पोराचा, पगार बापाचा

भांडुपचे एक वाचक लिहितात: "वय ४७, कंपनीत मशीन ऑपरेटर, हातात महिना ४६ हजार, पत्नी गृहिणी. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ६१ टक्के. ठाण्यातली एक इन्स्टिट्यूट ११ महिन्यांच्या डेटा सायन्स कोर्सची फी साडेतीन लाख सांगतेय, प्लेसमेंट शंभर टक्के. त्यांच्याच फायनान्सवाल्याचं लोन घेऊ की पीएफ काढू? मुलाच्या शिक्षणासाठी १० वर्षांपूर्वी चाइल्ड प्लॅन घेतलाय, वर्षाला ५० हजार भरतो, पैसे दुप्पट होतील असं एजंट म्हणाला होता, पण तो सुटायला अजून ५ वर्षं आहेत."

दोन्ही नको. लोन ११ टक्के 'फ्लॅट' आहे, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर; २४ हप्ते, दरमहा १७,८००. घटत्या मुद्दलावर हाच दर २० टक्क्यांवर जातो. उद्या इन्स्टिट्यूटला कुलूप लागलं तरी हप्ता तुमच्याच खात्यातून कटणार. त्यांना एवढंच सांगा: मागच्या बॅचची नावं, कंपन्या आणि पगार लेखी द्या. चहा पाजतील, यादी देणार नाहीत.

बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत मान्यताप्राप्त डिप्लोमा, पुढे अप्रेंटिसशिप किंवा इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. वांद्र्याच्या सरकारी पॉलिटेक्निकला ६१ टक्क्यांवर नंबर लागेलच असं नाही. पण कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, खासगी कॉलेज मिळालं, तरी वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याने शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी सुटू शकते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलात ते बरं केलंत. विमा कोणाच्या आयुष्याचा? मुलाच्या. रक्कम ५ लाख. प्रीमियम माफीचा रायडर, म्हणजे भरणारा गेला तर पुढचे हप्ते माफ करणारी जोड? 'नाही'. तुम्ही फक्त पैसे भरणारे! पीएफबरोबर मिळणारं ईडीएलआय या विम्याचं ७ लाखांपर्यंतचं कवच सोडलं, तर ज्याच्या पगारावर घर चालतं त्याचा विमाच नाही. तुमचं काही बरंवाईट झालं असतं, तर बायकोच्या हातात फीचे पैसे नाही, प्रीमियमची नोटीस पडली असती. वर पैसे सुटणार मुलगा २३ वर्षांचा झाल्यावर, म्हणजे शिक्षण आटोपल्यावर. याला म्हणे चाइल्ड प्लॅन.

एजंटाने "दुप्पट" सांगितलं कारण त्याने अंदाजी परताव्याच्या तक्त्यातला ८ टक्क्यांचा रकाना दाखवला, शेजारचा ४ चा नाही. साडेसात लाख भरून साडेअकरा आले तर परतावा पडतो ५ टक्के.

तरी रागाच्या भरात पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका. कमिशन सुरुवातीलाच कापलं गेलं, ते परत येत नाही. कंपनीकडून तीन आकडे लेखी घ्या: आजची सरेंडर व्हॅल्यू, पेडअप केली (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली) तर शेवटी किती, चालू ठेवली तर किती. समजा आज ४.३ लाख मिळत असतील आणि शेवटी साडेअकरा, तर उरलेल्या ५ वर्षांपुरता परतावा १२ टक्क्यांच्या वर जातो. मग निमूट भरत राहा. फी कमी पडली तर अशा पारंपरिक (शेअर बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसीवर कर्जही मिळतं, साधारण ९-१० टक्क्यांनी. पीएफला हात लावू नका.

आणि याच महिन्यात स्वतःचा ५० लाखांचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) घ्या, साठीपर्यंतचा. वर्षाला २० हजारांच्या आसपास जातील. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू खात असाल तर प्रीमियम वाढेल, पण अर्जात खरं लिहा, नाहीतर क्लेम अडकतो. अर्ज त्या जुन्या एजंटाकडून भरून घेऊ नका.